फुलाफुलांचा गाऊन

बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि टाकीतल्या पिल्लांनी अन्न सोडलं.

घरामागच्या शेडमध्ये नवरा-बायको समुद्री माशांची पिल्लं वाढवत. कामाची वाटणी चोख होती. जेमतेम डोळ्यांना दिसणाऱ्या जिवांना त्यांच्याहून बारीक जिवंत किडे चारून तगवायचं, हे नवऱ्याचं काम. पिल्लं नखाएवढी झाली की त्यांची ती चटक सोडवून त्यांना कोरड्या दाण्यांवर आणायचं, हे बायकोचं. म्हणजे पोराचं अंगठा चोखणं सोडवायचं, फक्त पोरं हजारोंनी. पण तिनं ते असं साधलं होतं, की ती टाकीपाशी आली की पाणी उकळल्यासारखं दिसे.

आज तीच पिल्लं तळाशी ढिम्म होती. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं, आणि दाणे खाणारी पिल्लंच ते नेणार होतं. शिवाय ही जात फार काळ उपाशी राहत नाही, शेजाऱ्याला गिळते.

“खा रे बाबांनो,” नवऱ्यानं दाणे भुरभुरले. दाणे तरंगले, मग बुडाले.

दाराशी खुर्ची टाकून बसलेले त्याचे वडील म्हणाले, “तुला ओळखत नाहीत ती.”

“अहो बाबा, अंड्यातून बाहेर आल्यापासून मीच वाढवलंय त्यांना!”

“तेव्हा डोळे धड होते का त्यांना?”

नवऱ्यानं बायकोला फोन लावला. “अगं, तू नेमकं करतेस काय?”

“काय करणार? दाणे टाकते. अहो, इथं बाळ रडतंय, ठेवते.”

म्हणजे फरक दिसण्याचाच, असा हिशेब त्यानं मांडला आणि दोरीवरचा तिचा फुलाफुलांचा गाऊन अंगात चढवला. पोटापाशी तो अडला, मग नाइलाजानं खाली उतरला.

“सूनबाई ताठ उभी राहते,” वडील म्हणाले. “आणि केसांना टॉवेल असतो तिच्या.”

त्यानं टॉवेल गुंडाळला.

“आवाज बारीक कर.”

“या गं बाळांनो…” त्यानं बारीक आवाजात साद घातली.

“ताई, मालक आहेत का घरात?” मागून कुणीतरी विचारलं.

ताईंनी वळून पाहिलं. ताईंना भरघोस मिशा होत्या. गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरलं.

“बाबा, दार लावायला काय झालं होतं तुम्हाला!” नवऱ्यानं संतापून हातातलं दाण्यांचं मापटं टाकीच्या काठावर दोनदा आपटलं, तसे दाणे पाण्यात सांडले.

पाणी उसळलं. पिल्लं दाण्यांवर तुटून पडली. गिऱ्हाईक गाऊन, मिशा सगळं विसरून टाकीवर ओणवं झालं.

“काय पिल्लं आहेत हो! एक रोडकं नाही, एक वाकडं नाही. हात धरणार नाही कुणी तुमचा. आजच नेतो.” मग जरा घुटमळून तो म्हणाला, “गाऊनही लागेल बरोबर.”

“टॉवेलही न्या,” नवरा उदारपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बायको परत आली. गाऊन कुठाय, हे ती विचारतच होती, तोच गिऱ्हाइकाचा फोन आला. “साहेब, गाऊन घातला, टॉवेल बांधला, आवाजही बारीक केला. माझी माणसं कामं टाकून मला बघायला जमलीत. पिल्लं मात्र हलत नाहीत!”

बायकोनं फोन काढून घेतला. “भाऊ, गाऊन काढा आधी. मापटं काठावर दोनदा आपटा, मग दाणे टाका. तेवढंच वळण लावलंय मी त्यांना. हाताची सवय हो, यांना सांगायचं सुचलंच नाही.”

फोनमधून दोनदा टकटक आली, मग पाण्याचा खळखळाट, मग आरोळी, “आली! ताई, सगळी आली!”

बायको स्वयंपाकघरात गेली. तिनं डाव पातेल्याच्या काठावर दोनदा आपटला. शेडमधून नवरा आला, खुर्ची सोडून वडील आले आणि आपापल्या जागी बसले.

“काय वळण लावलंय, बाबा!” नवरा कौतुकानं म्हणाला. “नुसत्या दोन टकटकींवर धावत येतात!”

“मासेच ते,” वडील ताट पुढे ओढत म्हणाले. “त्यांना कुठलं डोकं?”