हात न टेकता

मार्चमधला शेवटचा शनिवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. हजर: खेळाडू मुली चौदा, कोच डॉक्टर वऱ्हाडपांडे, गोलकीपर क्लोईचे वडील, संत्र्याच्या फोडींचे दोन डबे घेऊन, ऋचाचे आईबाबा, पण गाडीतच, कारण बाबांना मॅच बघवत नाही, आणि मी. गैरहजर: ऊन.

वॉटफर्डबाहेरच्या त्या मैदानाच्या कडेला, ओल्या गवतावर, आमच्या चौदा मुली एका ओळीत मांडी घालून बसल्या होत्या. डॉक्टर पाठीमागे हात बांधून त्यांच्यासमोर उभे. त्यांनी "ऊठ!" म्हटलं की चौदाही जणी हात कुठंही न टेकता उभ्या राहत. "बस!" म्हटलं की पुन्हा खाली. पलीकडे स्लाऊच्या कॉलेजच्या मुली सराव थांबवून बघत होत्या. शेवटी त्यांचे कोच माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, ही प्रार्थना किती वेळ चालते, आणि तोवर त्यांच्या मुलींनी बॉल मारला तर चालेल का.

"प्रार्थना नाही," मी म्हटलं. "मेडिकल चाललंय."

डॉक्टर वऱ्हाडपांड्यांचा सिद्धांत असा की जो माणूस मांडी घालून बसतो आणि हात न टेकता उठतो, त्याचे घोटे, गुडघे आणि खुबे ठीक आहेत. "एमआरआयचा नंबर लागायला आठवडे जातात जी. मांडीला सहा सेकंद." डॉक्टर मूळचे नागपूरचे. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत त्यांनी आयुष्यभर हाडं जोडली, पण बोलण्यातला 'जी' काही त्यांना सोडून गेला नाही. मुलींना ते सरसकट 'पोट्ट्या' म्हणतात, नागपुरी बोलीत पोरी. क्लोईच्या सगळ्या पिढ्या वॉटफर्डच्या. तीसुद्धा आता बचावफळीवर ओरडताना "मार्क युवर पोट्टी!" असं ओरडते.

निवृत्त झाल्यावरही डॉक्टरांची नजर निवृत्त झाली नाही. पिनरला एका घरी सत्यनारायणाच्या पूजेला मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं. सगळे प्रसाद घेऊन उठत होते आणि हे कोपऱ्यात उभे राहून कोण कसं उठतं ते बघत होते. यजमानीणबाई जमिनीला हात लावून उठल्या, तर हे भर आरतीच्या तबकासमोर म्हणाले, "वहिनी, डावा खुबा दाखवून घ्या." वहिनींनी दाखवला नाही, उलट तीन महिने डॉक्टरांशी बोलल्या नाहीत. चौथ्या महिन्यात त्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून डॉक्टरांना बोलावणं असलं की पिनर-हॅरोच्या घरांतून खुर्च्या मांडतात.

माझी ओळख एका ओळीत उरकते. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते आणि मला याद्या करायची सवय आहे. कॉलेजात ही सवय लपत नाही. मुलींच्या फुटबॉल टीमला मॅनेजर हवी होती, म्हणजे पालकांच्या सह्या, इनहेलर, पाण्याच्या बाटल्या आणि मिनीबसची चावी सांभाळणारी बाई हवी होती. ती मी झाले. डॉक्टर तेव्हा फक्त प्रथमोपचाराची पेटी घेऊन येत. कोच वेगळा होता, तरुण, उत्साही, शिट्टीवाला. गेल्या वर्षीच्या फायनलनंतर तो दुसऱ्या नोकरीवर गेला. कॉलेजला दुसरा कोणी मिळेना. तेव्हा डॉक्टरांनी एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर बसून कोचिंगचा प्राथमिक कोर्स केला आणि सर्टिफिकेट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, फाइल करून टाका. ऑफसाइड मला अजून कळला नाही, पण तो क्लोईला कळतो."

त्यांच्या कोचिंगचा पहिला महिना बॉलशिवाय गेला. मुली बाकावर चढायच्या आणि उडी मारून खाली उतरायच्या. एवढंच. "उडी सगळ्यांना मारता येते. उतरता कोणाला येत नाही. उतरा, पोट्ट्यांनो, उतरा!" गुडघे आत वळले की पुन्हा. पायांचा आवाज झाला की पुन्हा. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसरी कोण उतरली? टाच आधी टेकली तुझी." डावपेच सांगायला ते फळ्यावर पाठीचा कणा काढत. मिडफिल्ड म्हणजे कमरेचे मणके, स्ट्रायकर म्हणजे मान. गोलकीपरला त्यांनी माकडहाड म्हटलं. त्याचा अर्थ कळल्यावर क्लोई एक आठवडा सरावाला आली नाही. पण त्या हंगामात आमची एकही मुलगी पाय धरून मैदानाबाहेर आली नाही, आणि डोळे उघडून बघतो तो आम्ही पुन्हा फायनलला. समोर पुन्हा स्लाऊ.

आता गेल्या वर्षीचं सांगायला हवं, कारण यंदाचं सगळं त्यावरच उभं होतं. गेल्या वर्षी ऋचाचा गुडघा सेमीफायनलमध्ये मुरगळला होता. ऋचा म्हणजे आमची सगळ्यात वेगवान मुलगी. आईबाबा पुण्याचे, ही इथंच जन्मलेली. फायनलच्या सकाळी कोचने डॉक्टरांना विचारलं, खेळवू का? डॉक्टरांनी तिला मांडी घालायला लावलं, उठवलं आणि मान डोलावली. ऋचाने पहिल्या अर्ध्यात गोल केला. मॅच संपायला वीस मिनिटं असताना ती हेडरसाठी उडाली आणि खाली आली. कोणी तिला धक्का दिला नव्हता. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटल्याचा आवाज मी मैदानाच्या कडेवरून ऐकला. मग स्लाऊने दोन गोल केले. मग ऑपरेशन, कुबड्या आणि एक अख्खं वर्ष.

यंदा ती परतली होती. तिच्या फिजिओने लिहून दिलं होतं: शेवटची वीस मिनिटं खेळू शकेल, कोचला योग्य वाटल्यास. ते पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. त्या वीस मिनिटांसाठी ऋचाने वर्षभर पहाटे उठून व्यायामाच्या रबरी पट्ट्या ओढल्या होत्या. जूनमध्ये कॉलेज संपत होतं, म्हणजे तिची ही शेवटचीच मॅच. अकरा वाजता शिट्टी झाली तेव्हा ती बाकावर माझ्या शेजारी होती, आणि तिचा तो पाय सारखा हलत होता.

हाफटाइमला एक-एक झालं होतं. मुली संत्री खात होत्या. क्लोई म्हणाली, "डॉक, त्यांची पाच नंबर उजवीकडे वळतच नाही. आपण सगळे बॉल तिच्या उजवीकडून टाकू."

"पाहिलं मी," डॉक्टर म्हणाले. "घोटा आहे. आत सूज आहे. पट्टी चुकीची बांधली."

"मग? अटॅक करू ना?"

 डॉक्टर उठून सरळ मैदान ओलांडून गेले, स्लाऊच्या कोचपाशी. आम्ही बघत राहिलो. दोन मिनिटांत पाच नंबर बूट काढून बसली होती, डॉक्टर तिची पट्टी नव्याने बांधत होते आणि तिचा कोच एका उंच, ताज्यातवान्या मुलीला जॅकेट काढायला सांगत होता.

"अहो डॉक्टर," ते परत आल्यावर मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"तिला बसवलं जी. आणखी दहा मिनिटं खेळली असती तर हाड सरकलं असतं."

"पण त्यांनी बदली मुलगी आणली ना!"

"आणणारच. अकरा लागतात. हे मला कोर्समध्ये शिकवलंय."

क्लोईने हातातली संत्र्याची साल गवतात फेकली आणि वडिलांकडे बघून म्हणाली, "वुई आर द ओन्ली टीम इन इंग्लंड विथ अ डॉक्टर फॉर द अदर साइड." तिचे वडील हसले. बाकी कोणी हसलं नाही.

वीस मिनिटं उरली. अजून एक-एक. मी घड्याळ बघितलं, ऋचाने माझ्याकडे बघितलं आणि ती उठून डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. न सांगता तिने मांडी घातली आणि हात छातीशी धरून सरळ उठली. इतकं सुंदर उठलेलं मी कोणाला पाहिलं नाही.

"बघा! माझी गुडघा एकदम चांगली आहे," ती म्हणाली. घाई झाली की तिचं मराठी असं घसरतं.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.

ती पुन्हा बसली, उठली. स्वच्छ.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा उठताना ती किंचित डावीकडे झुकली. उजव्या हाताची दोन बोटं गवताला लागली. लागली म्हणजे काय, गवत हललंही नसेल. पण मी पाहिलं, आणि तिलाही कळलं.

"नाही जी," डॉक्टर म्हणाले.

"दोनदा नीट उठले ना! तिसऱ्या वेळी कोण बघतं?"

"मॅचमध्ये तिसरी वेळ येतेच."

"फिजिओने लिहून दिलंय! ताई, ते पत्र दाखवा ना यांना!" मी फाइल उघडली, आणि डॉक्टरांचा चेहरा बघून मिटली.

"लास्ट इयर तर पाठवलंत," ऋचा म्हणाली. आता ती रडत होती. "तेव्हा तर माझी गुडघा खरंच दुखत होती. आज नाही दुखत, आणि आज नाही म्हणता. काय पाहिलंत तेव्हा?"

डॉक्टर मैदानाकडे बघत होते. तिकडे खेळ चालू होता. त्यांनी तो बघता बघताच उत्तर दिलं.

"तेव्हाही बोटं टेकली होती. दोनच. मला दिसलं होतं." मग म्हणाले, "कोच विचारत होता, तू हसत होतीस, सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, दोन बोटांनी काय होतं. तीस वर्षांत मी एवढी चूक केली नव्हती बाप्पा."

 ऋचा बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मला वर्षभर वाटत होतं की डॉक्टर कोच झाले ते हौस म्हणून.

पाच मिनिटं उरली असताना स्लाऊने गोल केला. तो त्याच उंच, बदली आलेल्या मुलीने केला. गोल झाल्यावर पलीकडच्या बाकावर पाच नंबरची मुलगी एका पायावर नाचायला लागली, तर डॉक्टर इकडून ओरडले, "बस! खाली बस तू!"

आम्ही हरलो. दोन-एक. सलग दुसऱ्या वर्षी, त्याच कॉलेजकडून, तितक्याच फरकाने.

शिट्टीनंतर मुली मैदानाच्या मधोमध गोल करून बसल्या. काही रडत होत्या. क्लोई गवत उपटत होती. डॉक्टर त्यांच्यापाशी गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि मग खाली बसले. मांडी घालून नाही. एक हात टेकून, मग दुसरा, मग दोन्ही पाय काठ्यांसारखे समोर पसरून. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. फार काही नसावं.

थोड्या वेळाने मुली उठल्या. डॉक्टर उठले नाहीत. एकदा प्रयत्न केला, मग खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवत बसून राहिले. क्लोईला वाटलं, ते दुःखात आहेत. तिने सगळ्यांना हळूच लांब नेलं. ऋचाला मात्र तसं वाटलं नाही. एक वर्ष गुडघ्याबरोबर काढलेली मुलगी ती. बाकावरून उठून ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"कुठला?" तिने विचारलं.

"दोन्ही."

"कधीपासून?"

"झाली चार वर्षं."

"आणि तुम्ही आम्हाला बाकावरून उड्या मारायला लावता!"

मी दुसऱ्या बाजूने धरलं. उठताना ते जे कण्हले ते त्यांच्या वयाच्या कुठल्याही माणसाने कण्हावं तसंच. गाडीपर्यंत ऋचाने त्यांचा हात सोडला नाही. त्यांच्याशी बोलली मात्र नाही.

पिनरला त्यांच्या घरी मी त्यांना पोहोचवलं. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, मुलगी ऑकलंडला. स्वयंपाकघरात एकच खुर्ची टेबलापासून ओढलेली होती. त्यांनी ड्रॉवरमधून हॉस्पिटलचा एक फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. गुडघा बदलायच्या ऑपरेशनचा. तारीख दोनदा मिळाली होती. पहिल्यांदा सेमीफायनल आडवी आली, दुसऱ्यांदा ऋचाचे व्यायाम, तेही हेच बघायचे.

"तुम्हाला फॉर्मची सवय आहे मॅडम. तुम्ही भरून टाका."

मी भरत गेले. नाव, औषधं, ॲलर्जी. मग प्रश्न आला: ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे घरी तुमच्यासोबत कोण असेल?

"मुलगी लिहा."

"ती येणार आहे?"

"नाही. पण फॉर्मला काय कळतं जी?"

दोन बोटं टेकली म्हणून फायनल सोडणारा माणूस हे बोलत होता. मी परीक्षा विभागात काम करते. खोटी नोंद माझ्या हातून होत नाही. मी तो रकाना तसाच ठेवला. तेव्हाच मला कळलं की सेमीफायनल वगैरे निमित्तं होती; फॉर्म खरा इथं अडला होता.

दुसऱ्या दिवशी ऋचाचा फोन आला. राग गेला नव्हता, पण तिने कागद-पेन्सिल घेतली होती. "ताई, चौदा दिवस आहेत आणि आम्ही चौदा जणी आहोत. सकाळी एक येईल, कॉलेजनंतर दुसरी. व्यायाम मी करून घेणार. मला पाठ आहेत." मग म्हणाली, "आणि रडले तरी मी थांबणार नाही, सांगा त्यांना."

तक्ता मी टाइप केला आहे. आयांची नावं जेवणाच्या रकान्यात आहेत, क्लोईचे वडील गाडीच्या. फॉर्ममधल्या त्या प्रश्नापुढे 'सोबतचा तक्ता पाहा' असं लिहून मी तो जोडला, डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. आता हॉस्पिटलला फोन करून तारीख मागायची, एवढंच उरलंय. तो फोन पेशंटनेच करावा लागतो. सोमवारी करतो म्हणाले. त्या सोमवारी म्हणे लाइन बिझी होती, पुढच्या सोमवारी चष्मा सापडत नव्हता. काल विचारलं तर म्हणाले, "पुढच्या सीझनच्या तारखा लागल्या का जी?"

तक्त्यात सगळे रकाने भरलेले आहेत. पहिल्या दिवसाची तारीख तेवढी लिहायची आहे.