काचेवरचा डाग

मैथिलीचा मेसेज आला तेव्हा सुचित्रा उजागरे खुर्च्यांमधलं अंतर वितीने मोजत होती. 'ताई, आजची घरसभा माझी शेवटची. पुढच्या शुक्रवारपासून नाही जमणार.'

सुचित्रा मटकन खाली बसली. मैथिली पुण्याहून इथं आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकटीच राहायला आलेली. सभेला नेमाने यायची, पण कधी तोंड उघडायची नाही. आता तर चाललीच! प्रार्थनागटाची पुढारी म्हणून हे सुचित्राच्या जिव्हारी लागलं. मात्र कारण तिने शोधलं ते भलतंच.

"गेल्या वेळी कटलेट तेलकट झाले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "आज सगळं परफेक्ट झालंच पाहिजे. त्या पोरीला मी जाऊ द्यायची नाही, खलास!"

"अगं, कटलेटपायी कोणी देवाला सोडत नाही," निनाद म्हणाला.

"तू नॅपकिनच्या घड्या घाल. त्रिकोणी!"

सुचित्राच्या सभेचं सगळं असंच. गटातल्या गुणवंतभाऊंनी साक्ष देताना, म्हणजे देवाचा अनुभव सांगताना, जरा लांबण लावली की ही घंटी वाजवायची. प्रार्थनेत कोणाचं बायबलचं वचन चुकलं, तर आमेन व्हायच्या आत दुरुस्त करायची. देवापुढे चुकीचं कसं बोलायचं, हा तिचा सवाल!

माणसं यायची वेळ झाली आणि तिला बाल्कनीच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, धुळीचा डाग दिसला. झालं! अंगात निनादचा विटका टी-शर्ट, डोक्याला प्लास्टिकची अंघोळीची टोपी, अशा थाटात ती फडकं घेऊन बाहेर गेली. एसीची हवा जाऊ नये म्हणून सरकतं दार मागे ओढलं, आणि आतली कडी आपसूक पडली. ही कडी दुरुस्त करायला निनाद महिनाभर 'उद्या, इन्शाल्ला' म्हणत होता.

तिने दार ठोठावलं. आत चटणीचा मिक्सर घरघरत होता. तो थांबला तोवर बेल वाजली. "सलाम, सलाम!" माणसं आली. सुचित्राची मूठ हवेतच राहिली. या अवतारात गटासमोर? छे! बाहेर येताना झळ नको म्हणून तिने आतला पडदा लावून घेतला होता, ते बरं. पण ऑगस्टची ती भट्टी, घामाच्या धारा लागल्या.

"सुचित्रा इथंच तर होती," आतून निनादचा आवाज आला. "खाली ग्रोसरीत गेली असेल. यल्ला, चला, आपण सुरू करू."

तिच्याशिवाय? सुरूही केलं मेल्यांनी! गाणं दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत निघालं. गुणवंतभाऊंची साक्ष घंटीविना वाहत सुटली आणि लोक चक्क खदखदून हसत होते. सुचित्रा बाहेर नुसती धुमसत होती. आता मात्र ठोठावायचंच, असं ठरवून तिने हात उगारला. तेवढ्यात मैथिली बोलली.

"आज ताई नाहीयेत म्हणून सांगते. मला त्यांची भीती वाटते हो. त्यांचं घर नीट, प्रार्थना नीट. आणि माझं काहीच नीट नाही. जॉब जायची वेळ आलीय, रोज बाथरूममध्ये जाऊन रडते. इथं कुठल्या तोंडाने बोलू?"

सुचित्राने हातातलं फडकं पिरगाळलं. जळ्ळ्या त्या त्रिकोणी घड्या! धावत जाऊन पोरीला जवळ घ्यावं असं तिला वाटलं. पण दार वाजवलं की मैथिली पुन्हा मिटणार. भाजून निघाले तरी चालेल, वाजवायचं नाही. तिने हात खाली घेतला.

मग मैथिलीने पहिल्यांदाच प्रार्थना केली. "प्रभू, सुचित्राताई या उकाड्यात कुठं फिरतायत, त्यांना सांभाळ. थकलेल्यांना विसावा मिळेल, असं दावीद राजाने म्हटलंय ना..."

दावीद? अगं, ते तर खुद्द प्रभूचे शब्द! सुचित्राची जीभ वळवळली, तोंड उघडलं. तिने डोळे गच्च मिटले आणि होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला.

"आमेन!" पडद्यामागून गर्जना झाली.

आत किंकाळी फुटली, कोणाच्या तरी हातून कप पडला. निनादने पडदा बाजूला सारला. टोपीतली, घामाने निथळणारी सुचित्रा फडकं घेऊन उभी! मैथिलीनेच पुढे होऊन कडी काढली.

"ताई, तुम्ही सगळं ऐकलंत?"

"शब्द न् शब्द."

मैथिलीचा चेहरा पडला. "माझं वचन तरी बरोबर होतं ना?"

"एकदम परफेक्ट," सुचित्रा म्हणाली आणि टोपीसकट तिच्या शेजारी बसली.

मैथिलीला हसू आवरेना. "मग पुढच्या शुक्रवारी कटलेट मी आणू? पण माझे तेलकट होतात हं."

"आण बाई," सुचित्राने त्रिकोणी नॅपकिन उलगडून खसाखसा तोंड पुसलं. "चांगले तेलकटच आण!"