सलोमी सिस्टरांचा मे महिन्यातला वर्ग

"सर, उद्या सकाळी दहाला तुमी आजारी पडा."

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून सलोमी सिस्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं, की जणू उद्या नळाला पाणी येणार आहे, टाकी भरून ठेवा. मी जास्वंदीला पाणी घालत होतो. हातातला मग हातातच राहिला.

"काय म्हणालात?"

"आजारी पडा. लई मोठं काय नको. ताप, अंगदुखी, बास. आन बनियनवर पडू नका, शर्ट घाला. पोरी बी येणारेत."

एवढं बोलून त्या आत गेल्या. धाराशिवच्या आमच्या गल्लीत राहायला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. शेजारच्या बाई निवृत्त नर्स आहेत, एकट्या राहतात, ख्रिस्ती आहेत आणि रविवारी पांढरीशुभ्र साडी नेसून चर्चला जातात, यापलीकडं मला काही ठाऊक नव्हतं. त्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणायची. दवाखान्यातलेही सिस्टर म्हणायचे आणि चर्चमधलेही. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "कुणी सिस्टर म्हणून हाक मारली की आधी त्याचं तोंड बघते. कण्हत असला तर दवाखान्यातला, हसत असला तर मंडळीतला."

त्या संध्याकाळी उलगडा झाला. दर मे महिन्यात त्यांच्या चर्चतर्फे अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी एक सेवा प्रशिक्षण वर्ग भरतो. ढोकी, तेर, परंडा अशा गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून पोरं येतात आणि चर्चच्या हॉलमध्ये मुक्काम करतात. प्रार्थना कशी चालवावी, लहान मुलांना गोष्ट कशी सांगावी, उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन, कसा द्यावा, आजाऱ्याला भेटायला कसं जावं, मयताच्या घरी काय बोलावं, असं सगळं त्यात शिकवतात. शास्त्राचा भाग चर्चचे पाळकसाहेब घेतात. "आन प्रॅक्टिकल माझ्याकडं," सिस्टर म्हणाल्या.

मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. अकरावी-बारावीचं वय काय असतं हे मला कुणी सांगायला नको. मे महिन्यात त्या वयाचं एकही तोंड दिसू नये म्हणून मी बाजारात जातानासुद्धा रस्ता बदलतो. आणि ही बाई सत्तरीला टेकली असताना तसली पोरं आपणहून गोळा करते! याचं मला फार कुतूहल वाटलं. म्हणून मी आजारी पडलो.

दहाच्या ठोक्याला पाच-सहा जण आत आले. सर्वांत पुढं एक उंच मुलगा होता. तो थेट माझ्या उशाशी आला, डोळे मिटले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे प्रभो, ह्या आमच्या बांधवाला तू आज आपल्याजवळ नेणार असशील, तर..."

स्वयंपाकघरातून माझी बायको सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली. "कुणाला नेणार? कुठं नेणार?"

दुसऱ्यानं मला रिपोर्ट काय आला ते विचारलं. तिसऱ्यानं, त्याच्या चुलत्यालाही सुरुवातीला असाच साधा ताप आला होता, असं सांगायला घेतलं. त्या चुलत्याचं पुढं काय झालं हे कळायच्या आत दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या सिस्टर कडाडल्या, "बाहेर! समदे बाहेर! चपला घाला, फाटकापासून परत या!"

दुपारपर्यंत ती पोरं फाटकापासून परत परत येत राहिली आणि सिस्टरांचे नियम मला पाठ झाले. आधी हात धुवायचे, मग जोडायचे. खाटेवर बसायचं नाही. रोग विचारायचा नाही, आणि आपल्या चुलत्याचा तर सांगायचाच नाही. चहा दिला तर प्यायचा आणि कप विसळून ठेवायचा. जास्त बोलणाऱ्याला त्या म्हणायच्या, "जीभ म्हंजी इंजेक्शन हाय बाळा. टोचायचं तिथंच टोच आन लगेच काढून घे. आत ठेवून गप्पा मारायच्या नस्त्यात."

मला त्यात मजा वाटायला लागली होती. एकदा मी चांगला कण्हलो, हात छातीवर ठेवला आणि मान टाकली. सिस्टर उठून जवळ आल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "सर, तुमी जास्त आजारी पडायलात. ताप सांगितला व्हता. ॲडमिट करायची पाळी आणू नका."

पुढच्या काही वर्षांत मला बढत्या मिळत गेल्या. मी दारुड्या झालो, बारावीत नापास झालेल्या मुलाचा बाप झालो, एका वर्षी विधुर झालो. त्या दिवशी पोरं इतक्या मायेनं माझं सांत्वन करत होती, की आतून सुनंदा ओरडली, "अगं बाई, मी इथं जिवंत भाकरी थापतेय आणि ह्यांचं काय चाललंय!"

संदेशाचा तास सिस्टरांच्या ओसरीवर व्हायचा. तिथली पद्धत तर मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. पोरगं संदेश द्यायला उभं राहिलं की सिस्टर काचेचा जुना थर्मामीटर झटकून स्वतःच्या तोंडात ठेवायच्या. त्यामुळं त्यांना मध्ये बोलता यायचं नाही, हा पोरांचा फायदा. पण थर्मामीटर बाहेर आला की संदेश संपलाच पाहिजे, मग त्यातली गोष्ट वाळवंटात असो की समुद्रात. सिस्टर पारा उजेडाकडं धरून बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "गार हाय. ऐकणारा झोपला." किंवा, "लई चढला रे बाबा. देव बहिरा न्हाय, आन गल्ली बी न्हाय."

समोरच्या भोसलेकाकांना या प्रकाराचा संशय होता. एकदा त्यांनी सिस्टरांना रस्त्यातच गाठलं. "काय हो सिस्टर, हे पोरांना घरोघर पाठवून लोकांना धर्म बदलायला लावता म्हणं?"

"भोसलेकाका," सिस्टर म्हणाल्या, "पोरांना कप विसळायची सवय लावता लावता माझा मे महिना सरतो. धर्म बदलायला टाइम कुठून आणू? तुमीच या की उद्या. सरांची पाठ धरलीय, एक आजारी माणूस कमी पडायलाय."

भोसलेकाका आले. त्यांना गुडघेदुखीचा पार्ट मिळाला. तो त्यांनी इतका जीव ओतून केला, की दुसऱ्या दिवशी आपणहून विचारायला आले, "आज काय दुखतंय माझं?"

एवढं सगळं झालं तरी माझं मूळचं कुतूहल काही शमलं नव्हतं. पेन्शन होती, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, उन्हाचा कडाका. अशात ही बाई एवढा जीव का जाळते? मी दोन-तीनदा विचारून पाहिलं. त्या म्हणायच्या, "पोरं शिकलेली बरी," आणि दोरीवरचे कपडे काढायला जायच्या.

गेल्या मे महिन्यात ढोकीहून करुणा नावाची मुलगी आली. बाप साखर कारखान्यात कामाला, ती वाढली कारखान्याच्या भोंग्याशेजारी. त्यामुळं तिचा आवाजही तसाच. पण मुलगी वाघीण होती. बायबलमधली वचनं तोंडपाठ, अडखळणं ठाऊक नाही. संदेश द्यायला उभी राहिली तर भोसलेकाका आपल्या घरातून ऐकायचे. तिला पुढं पाळक व्हायचं होतं. बाप म्हणत होता, आधी नर्सिंग कर. वर्गाच्या शेवटी पाळकसाहेब तिच्या घरी जाऊन वडिलांशी बोलणार होते, म्हणून प्रत्येक तासाला ती परीक्षेसारखी उभी राहायची.

वर्ग संपत आला असताना तेरहून निरोप आला. मंडळीतल्या यशवंतआबांची बायको आठवड्यापूर्वी वारली होती. आबा कुणाशी बोलत नाहीत, आलेल्या माणसाला धड बसा म्हणत नाहीत, कुणीतरी यावं. पाळकसाहेब एका लग्नात अडकले होते. सिस्टर म्हणाल्या, "पोरांना घिऊन म्याच जाते. करुणा बोलेल."

"मीपण येऊ का?" मी विचारलं.

"चला. पण आज काय दुखायचं न्हाय."

तेरच्या बसमध्ये करुणा सगळा रस्ता ओठ हलवत होती. कुठलं वचन आधी, कुठलं नंतर, प्रार्थना कुठं, सगळं मनात मांडून झालं होतं. बाकीची पोरं तिच्याकडं, क्रिकेटमध्ये शेवटच्या फलंदाजाकडं बघावं, तशी बघत होती.

आबांचं घर नदीकडच्या अंगाला होतं. आबा ओसरीवर बसून बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. शेजारी भरलेलं पोतं. आम्ही हात धुतले, नमस्कार केला आणि बसलो. आबांनी वर पाहिलं नाही. शेंग फुटल्याचा आवाज तेवढा येत होता.

करुणानं घसा साफ केला. "आबा, पवित्र शास्त्रात असं लिहिलंय..."

"ठावं हाय मला काय लिहिलंय ते," आबा म्हणाले. "जलमभर वाचलंय. तू मला येवढंच सांग पोरी. ती चार दिस पाणी पाणी करत हुती. तवा देव कुठं हुता?"

पाठ केलेलं सगळं करुणाच्या चेहऱ्यावरून उतरत गेलेलं मला दिसलं. मागून एक मुलगा वचन सांगायला सरसावला, तर सिस्टरांनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो मटकन बसला.

"मला न्हाय माहीत, आबा," करुणा म्हणाली. तो आवाज भोंग्याशेजारचा नव्हता.

आबांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा शेंग उचलली. करुणा जागेवरून उठली, पोत्यापाशी जाऊन बसली आणि तिनंही शेंगा फोडायला घेतल्या. हळूहळू एकेक करून सगळी पोरं पोत्याभोवती सरकली. मीही सरकलो.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "ती हुती तवा मला हात लावू देत न्हवती. म्हणायची, तुमी दाणं मोडताव." आणखी थोड्या वेळानं म्हणाले, "खरंच मोडायचं माझ्याकडनं." मग त्यांचे हात थांबले, खांदे हलायला लागले आणि आठवडाभर न रडलेला तो माणूस ओसरीवर आमच्यामध्ये बसून रडला. करुणा शेंगा फोडत राहिली. तिचेही डोळे वाहत होते, पण तिनं दाणा मोडू दिला नाही.

निघताना आबा फाटकापर्यंत आले. "पुन्हा या," म्हणाले.

परतीची बस अर्धी रिकामी होती. आम्ही मागच्या सीटांवर बसलो. करुणाचा चेहरा पडलेला होता. शेवटी तिला राहवेना.

"सिस्टर, म्या एक वचन बी सांगितलं न्हाय. प्रार्थना बी राहिली. आता पाळकसाहेब बाबांना काय सांगत्याल?"

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, आता हिची हजेरी घेतली जाणार.

"माझा पोरगा गेला तवा लई लोकं आली व्हती," त्या म्हणाल्या.

मी मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं आमच्या दोन घरांत एक भिंत होती. सिस्टरांना मुलगा होता, हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"घर भरलं व्हतं. ज्यानं त्यानं वचन सांगितलं. चांगली माणसं व्हती, वचनं बी खरीच व्हती. पर मला त्यातलं एक बी आठवत न्हाय. आमच्या वॉर्डातली एक आया आली व्हती. ती काय बोलली न्हाय. माझ्या मागं बसली, केस सोडले, तेल लावलं, वेणी घातली आन गेली. त्या बाईचे हात मला अजून आठवत्यात." त्यांनी करुणाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्या बाबांना म्या सांगते काय सांगायचं ते."

कसा गेला, काय झालं होतं, हे विचारायचं नाही, एवढं त्या पोरांना आता कळत होतं. मलाही कळत होतं. बस तशीच खडखडत चालली होती.

मग करुणानं हळूच विचारलं, "त्याचं नाव काय व्हतं, सिस्टर?"

"सुहास," सिस्टर म्हणाल्या. "बारावीला व्हता. तुमच्यायेवढा."

"कसा व्हता?"

सिस्टरांनी आधी पदर सारखा केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बोलायला लागल्या. त्याला मिठाशिवाय कैरी चालायची नाही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून शीळ वाजवायचा आणि पुढच्या माणसाकडं बोट दाखवायचा. सिस्टर बोलत राहिल्या, पोरं पुढं सरकत राहिली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

बस स्टँडवर येऊन थांबली. पुढची माणसं उतरली. आम्ही तसेच बसून. कंडक्टर मागं आला. "उतरा की हो, धाराशिव आलं."

"काका, जरा थांबा ना," करुणा म्हणाली. "सिस्टर त्यांच्या पोराचं सांगायल्यात."

कंडक्टरनं घड्याळाकडं पाहिलं. मग सिस्टरांकडं पाहिलं, आणि शेजारच्या सीटच्या दांडीला टेकून उभा राहिला.

सिस्टर म्हणाल्या, "एकदा माझा स्टेथोस्कोप चोरून नेला त्यानं. शेजाऱ्याच्या शेळीच्या पोटाला लावला, आन गल्लीत वरडत आला, सिस्टर, पेशंटला जुळं हाय!"

"मग?" कंडक्टरनं विचारलं. "झालं का जुळं?"

"तीन झाली," सिस्टर म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. हसता हसता डोळे पुसत राहिल्या. उतरायची घाई कुणालाच नव्हती.