दिल्लीला राज्य मिळेपर्यंत

सोमवारी आक्का गेली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण.

भेटायला आलेल्या शेजाऱ्याने दाजींचा हात धरून विचारलं, "कसं झालं ओ हे?" आमचे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, म्हणाले, "कसं व्हणार? दिल्लीला अजून पूर्ण राज्याचा दर्जा न्हाय." शेजारी समोरचा चहा तसाच ठेवून उठला.

हा माणूस मिरजेच्या पुढे कधी गेलेला नाही. दिल्लीशी त्याचा संबंध पेपरातून, तोही सलूनमधल्या फुकटच्या. तरी कळंब्याच्या नाक्यावर दिसेल त्याला अडवून विचारणार, "आमी मतं द्यायची, मुख्यमंत्री निवडायचा, आन् पोलीस केंद्राचं, जमीन केंद्राची. मग त्यो निवडलाय कशाला? फिती कापाय?"

यातला 'आमी' मला कधी कळला नाही. एकदा तसं बोललो, तर मलाच ऐकवलं, "पावणं, तुमी पुस्तकं वाचतासा, पर अन्याय वाचत न्हाईसा." एका लग्नात तर अक्षता पडल्यावर स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवाला उपराज्यपालांचे अधिकार समजावून सांगितले. आहेराची रांग खोळंबली. नवरीकडच्यांना वाटलं, मुलाकडचे कुणी वकील असावेत.

दुसऱ्याच्या राज्यासाठी भांडणाऱ्या या वीराला घरात स्वतःच्या चहातली साखरही ठरवता येत नसे. गोठ्यात पाऊल टाकायला तर सक्त मनाई. "तुमची बडबड ऐकून म्हस आटंल," आक्का म्हणायची.

त्यांची एकुलती लेक वैशाली गेल्या वर्षी दिल्लीत नोकरीला लागली; दाजींचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं. बाराव्याची पंगत उठल्यावर ती म्हणाली, "आप्पा, म्हैस विकूया आणि तुम्ही माझ्याकडं चला. इथं एकटे काय करणार?"

"येतो की. दिल्लीला पूर्ण राज्य मिळू दे, दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो."

पाहुणे तोंड फिरवून हसले. वैशाली आत जाऊन रडली. बायकोच्या बाराव्याला, रडणाऱ्या लेकीसमोर ही थेरं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चार शब्द सुनावायचे ठरवूनच गेलो.

दाजी घरात नव्हते. गोठ्यात होते. आक्काची हिरवी साडी अंगाभोवती गुंडाळून, पदर डोक्यावरून घेऊन म्हशीखाली बसले होते. पदराखालून मिशा दिसत होत्या.

"हसू नगासा, पावणं. दुसऱ्या कुणाला शिवू देत न्हाय ही. साडीचा वास आला की उभी ऱ्हाती."

बादलीचा तळही धड झाकला नव्हता.

मी म्हणालो, "आणि उद्या दिल्लीला खरंच राज्य मिळालं तर? पोरीला शब्द दिलाय तुम्ही."

"न्हाय मिळत." नाक्यावर गर्जणारा तो आवाज मी प्रथमच इतका खाली आलेला ऐकला. "राजधानी हातची कोण सोडंल व्हय? म्हणून तर तसं सांगितलं तिला. सरळ न्हाय म्हटलं असतं, तर पोरगी इथनं हलली नसती." त्यांनी घसरलेला पदर पुन्हा डोक्यावर घेतला. "हिला बाजारात उभी केली, तर कुणाच्या हाताला दूध दील ओ ही?"

सुनावायचे चार शब्द मी परत घरी नेले.

वैशाली एकटीच गेली. दाजी कळंब्यात आहेत. साडीला आता शेणाचा वास येतो. म्हैस अजून उभी राहते.