नकाशाबाहेर गेलेली तुकडी

प्रल्हादराव त्या दिवशी जिंकतच आले होते, पण नियमांचं पुस्तक आडवं आलं.

श्राद्धाचं जेवण आटोपून दोघांनी पानिपतच्या लढाईचा पुठ्ठ्याचा खेळ मांडला होता. प्रल्हादराव बँकेतून निवृत्त झालेले, शिवरामशास्त्री धर्मशास्त्र शिकवणारे, दोघांची घरं काशीत मंगला गौरीच्या एकाच गल्लीत. चार वर्षं प्रल्हादराव मराठ्यांच्या बाजूने खेळत होते आणि इतिहासाचा मान राखून दर वेळी हरत होते. ते त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांच्या घराण्यातले विश्वेश्वरपंत पानिपतावर गेले ते परतलेच नव्हते. दर भाद्रपद वद्य चतुर्दशीला, शस्त्राने गेलेल्यांच्या तिथीला, त्यांना पिंड मिळे. आज तीच तिथी होती, आणि आज तरी जिंकायचंच होतं.

सगळं मराठ्यांच्या एका तुकडीवर येऊन अडलं. मार खाल्लेल्या तुकडीने दोन घरं माघार घ्यावी, एवढं पुस्तकात होतं. ही माघार घेता घेता नकाशाच्या कडेबाहेर गेली. तिला मेलेली धरायची की जिवंत, यावर पुस्तक गप्प होतं. मेली असेल तर शास्त्रीबुवा एका गुणाने जिंकत होते, जिवंत असेल तर प्रल्हादराव.

“सुखरूप निघून गेली ती,” प्रल्हादराव म्हणाले. “सीधी गोष्ट आहे.”

“कुणी पाहिलं? बेपत्ता म्हणा.” शास्त्रीबुवांनी चष्मा पुसला. “बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. बातमी नाही आली, की दर्भाचा पुतळा करून दहन. शास्त्रात सगळी सोय आहे. वर्षाला एक डाव धरून आपण बारा डाव थांबू.”

“मतलब, बारा डावांत पुठ्ठा चिठ्ठी पाठवणार?”

तुकडी खोक्यात ठेवून झाकण लावलं. बारा डाव झाले, बातमी आली नाही. शास्त्रीबुवांना अर्धवट काम खपत नसे. सकाळच्या उरलेल्या दर्भाचा त्यांनी बोटभर पुतळा वळला.

“श्राद्धाच्या दिवशी खेळातला मेलेला जाळताय?” प्रल्हादरावांची बायको सुनीती म्हणाली. “मला बिलकुल पसंत नाही.” पण बघायला तीही गच्चीवर आली.

पुतळा डब्याच्या झाकणात पेटवला. वारा अजिबात नव्हता. तरी धूर वर न जाता गच्चीच्या फरशीवरून सरकत जिन्याने खाली घरात शिरला.

खाली येऊन पाहतात, तर तुकडी टेबलावर नकाशाच्या कडेला आतल्या बाजूला उभी. तिला ओली माती लागली होती. खोक्याचं झाकण जसंच्या तसं होतं.

“हे तुम्ही ठेवलंत?” प्रल्हादरावांनी विचारलं.

“मी तुमच्याबरोबर वर होतो.”

सुनीतीने खोकं उघडलं. आत ठेवलेली तुकडी आतच होती.

“आता दोन झाल्या,” ती हळूच म्हणाली.

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला, पण आवाज वर्गातलाच राहिला. “दहनानंतर माणूस परत आला, तर त्याला तुपाच्या घागरीत न्हाऊ घालून नवा जन्म द्यायचा. बारसं, मुंज, सगळं पुन्हा. थोडक्यात, तुकडी जिवंत. प्रल्हादराव, तुम्ही जिंकलात.”

प्रल्हादराव त्या मातीकडे बघत राहिले. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते पदरात पडलं होतं, आणि ते टेबलापासून दोन पावलं मागे सरले.

“नको,” ते म्हणाले. “मेली म्हणा.”

“आता कसं म्हणू? तुम्हीच मघापासून…”

“मी हरलो. लिहून देतो, शास्त्रीबुवा. दर साल हरेन.”

खाली दाराची कडी वाजली. एकदा वाजली, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. फार लांबून चालत आलेला माणूस वाजवतो तशी.

मग सुनीती उठली, स्वयंपाकघरातून तुपाची बरणी घेऊन आली.

“अडीचशे वर्षं आपण पान वाढतोय विश्वेश्वरपंतांचं,” ती नवऱ्याला म्हणाली. “आणि आले, की हरलो म्हणायचं?” मग शास्त्रीबुवांकडे वळली. “घागरभर नाही, किलोभर आहे. चालेल का?”

शास्त्रीबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथाचा आधार न घेता निर्णय दिला.

“चालेल,” ते म्हणाले, आणि तिच्या मागोमाग दोघंही जिना उतरू लागले.