सफरचंदाचा पाय

"चहाच करा फक्त," असं लोहाऱ्याच्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या आणि राजेश्वरीचा पारा चढला.

अर्पिताचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि नवऱ्या मुलाचे आईवडील, अयोध्याबाई आणि रणधीरराव, रविवारी पहिल्यांदाच धाराशिवला घरी येणार होते. राजेश्वरीनं प्रेमानं विचारलं होतं, काय करू तुमच्यासाठी. तर अयोध्याबाई म्हणाल्या, "कायबी घाट घालू नका. मैद्याला आम्ही शिवत न्हाय. बाहेरचं चालत न्हाय. आमच्या घरात अंडंसुद्धा येत न्हाय. कृष्णराज पुण्यात ऱ्हातो, तो खातो काय काय नव्या तऱ्हेचं, पण ते तुमच्याकडं कुठलं मिळायला? चहाच करा फक्त."

"ऐकलंत?" फोन ठेवून राजेश्वरी नवऱ्याला म्हणाली. "तुमच्याकडं कुठलं मिळायला म्हणे. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. कलेक्टर बसतो कुठं? इथं. मोठ्या कोर्टाचं काम निघालं की येतात कुठं? इथं. आणि मला सांगायलेत, तुमच्याकडं कुठलं मिळायला."

"सहज बोलल्या असतील," कुमारराव म्हणाले. ते जिल्हा परिषदेत नोकरीला होते आणि कुणाशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी नोकरीला लागतानाच ठरवून टाकलं होतं.

"सहज कुणी बोलत नसतं. विहीण तर नाहीच."

तिनं अर्पिताला गाठलं. कृष्णराजला पुण्यात नेमकं काय आवडतं, ते विचारून घे म्हणाली. अर्पिता लाजत लाजत गच्चीवर गेली आणि खाली येऊन म्हणाली, "अ‍ॅपल पाय."

ओसरीत लसूण सोलत बसलेल्या धुरपदाबाईंनी, म्हणजे राजेश्वरीच्या सासूबाईंनी, मान वर केली. "कुणाचा पाय?"

"सफरचंदाचा, आजी."

"सफरचंदाला पाय कुठं असत्यात?"

अर्पितानं समजावलं की खाली पारी, वर पारी, मध्ये शिजवलेलं सफरचंद, आणि सगळं भाजायचं. धुरपदाबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजी कानवला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडं वळल्या.

राजेश्वरीनं ठरवलं की हा पाय करायचाच. मैदा नको ना, मग गव्हाच्या पिठाचा. अंडं नको, तर नको. विहीणबाईंनी इथं बसून खायचा आणि पुण्याला फोन करून स्वतःच्या तोंडानं मुलाला सांगायचं.

रविवारी सकाळी तिनं मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. व्हिडिओतली मुलगी हसत हसत सांगत होती की थंड तूप पिठात बोटांच्या टोकांनी चोळा, पाणी जपून घाला आणि पीठ अजिबात मळू नका. राजेश्वरीनं ऐकलं सगळं. पण लग्न झाल्यापासून तिनं रोज कणीक मळली होती. पाणी पडलं की हात आपसूक चालायला लागायचे. भानावर आली तेव्हा परातीत पोळ्यांची कणीक तयार होती. ती लाटून भांड्यात पसरली, तर कडेनं आकसून पुन्हा मध्ये येऊन बसली. त्या कणकेच्या पोळ्या झाल्या. दुसऱ्या खेपेला तिनं अर्पिताला शेजारी उभं केलं. "माझा हात मळायला लागला की मनगट धर," म्हणाली. अर्पितानं मनगट धरलं. तरी पारी चार ठिकाणी चिरली, मग ठिगळं लावून ती कशीबशी भांड्यात बसवली. वर सफरचंदाच्या फोडी, गूळ आणि मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून. मग वरची पारी. दिसायला बरं दिसत होतं. राजेश्वरीनं पदरानं कपाळ पुसलं आणि समोरच्या घरातून मागून आणलेल्या ओव्हनचं बटण दाबलं.

लाईट गेली.

"आता ती येत नसती," कुमारराव खिडकीतून बघत म्हणाले. "खांबावर माणूस चढलाय."

"मग बेकरीत नेऊन द्या. भट्टी असते त्यांची. सांगा, तेवढा भाजून द्या म्हणावं."

कुमाररावांनी भांड्यावर झाकण ठेवलं, वर फडकं बांधलं आणि ते स्कूटरवर गेले. जेवढ्या लवकर गेले तेवढ्याच लवकर परत आले. भांडं तसंच होतं, फडक्याची गाठसुद्धा सुटली नव्हती.

"काय झालं?"

"घेत नाही म्हणाले चाचा."

"का?"

"त्यांनी विचारलं, काय हाय? मी म्हणलं, पाय. तर म्हणाले, साहेब, ह्या भट्टीत मी पाव-खारी भाजतो, निम्मं गिऱ्हाईक शाकाहारी हाय. इथं पाय भाजला तर उद्या दुकानात कुत्रं फिरकायचं न्हाय."

धाराशिवात पाय म्हटला की तो शेळीचाच, हे राजेश्वरीलाही कळत होतं. इथल्या शेळीचं नाव पार परमुलखात गेलेलं. पण तोंड होतं की नाही माणसाला?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलं, बरं."

"बरं?"

"गिऱ्हाईक होतं ना दुकानात. गिरिजाबाई पण होत्या खारी घ्यायला. त्यांनी वास घेतला, मसाल्याचा चांगला सुटलाय म्हणाल्या. कुणासाठी विचारलं. मी म्हणलं, व्याह्यांसाठी."

गिरिजाबाई म्हणजे ज्यांनी हे लग्न जुळवलं त्या. अयोध्याबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या. राजेश्वरीनं तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण तिच्या डोक्यात बेकरीवाला बसला होता. तिनं नवऱ्याच्या हातातून भांडं हिसकून घेतलं, रिक्षा केली आणि बेकरीच्या फळीवर ते धाडकन ठेवलं.

"उघडून बघायला काय झालं होतं, चाचा?"

चाचांनी घाबरत घाबरत झाकण उचललं. आत वाकून पाहिलं. वास घेतला. मग त्यांना इतकं हसू आलं की भट्टीजवळचा कारागीर बाहेर आला.

"भाभी, ये तो सफरचंद है. साहेब पाय बोलले."

"ह्याला पायच म्हणतात."

"ऐसा कैसा नाम रखे लोगां?" चाचा म्हणाले आणि भांडं आत गेलं.

भट्टीसमोरच्या बाकावर राजेश्वरी धग खात बसून राहिली. पाय बाहेर आला तो मात्र दृष्ट लागावी असा. खरपूस, तांबूस, एका कडेनं गुळाचा पाक उतू आलेला. भांडं रिक्षात नीट धरताना तिचा अंगठा पोळला, पण तिला त्याचं काही वाटलं नाही.

घरापुढं पांढरी गाडी उभी होती. पाहुणे लवकर आले होते. ती आत गेली आणि तिला पहिलं दिसलं ते पाणी. तिवईवर दोन पेले, काठोकाठ भरलेले, हात न लावलेले. अयोध्याबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. रणधीरराव मात्र ऐसपैस टेकून बसले होते आणि दाराकडं बघत होते.

"पाणी घ्या ना," राजेश्वरी म्हणाली.

"नको."

ज्या घरी सोयरीक करायची, त्या घरचं पाणी नको. राजेश्वरीला संताप आला. इतका कसला ताठा?

"सकाळपासून राबतेय मी तुमच्यासाठी," ती म्हणाली.

"कळलं आम्हाला. गिरिजाचा फोन आला वाटंत. पाय केलाय म्हणे."

"व्हय, केलाय."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत न्हाय, हे सांगितलं होतं मी."

"म्हणूनच तर अंडं न घालता केला."

अयोध्याबाईंनी डोळे मिटून घेतले. "वर आणि अंडं न घालता."

"आणि सगळा तुपात. मैद्याचा कण नाही त्यात, गव्हाचं पीठ आहे."

"पायाला पीठ लावलं?"

"नुसतं लावलं नाही, आत भरून वरून झाकलं. फुटू नये म्हणून."

तेवढ्यात धुरपदाबाईंना वाटलं की आपणही सुनेची बाजू घ्यावी. "लई चिवट निघालं सकाळी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा करावं लागलं तिला. एकटीचं बळ पुरंना, तर नात धरून बसली हुती."

अयोध्याबाई उठून उभ्या राहिल्या. "चला हो. हे काय आपल्यात बसायचं न्हाय. लग्नाचं आता गिरिजाशीच बोलते मी."

अर्पिता स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक पडली. कुमाररावांचं तोंड उघडलं आणि राजेश्वरीला भीती वाटली की आता हे "बरं" म्हणतात. पण त्यांच्याआधी रणधीरराव बोलले. शांतपणे, खुर्चीतून न हलता.

"अगं, बस. त्यांनी एवढ्या हौसेनं केलंय. अन्नाला असं पाठ दाखवू नये. तू नको खाऊस. मी घेतो थोडं, त्यांचं मन राखायला."

"तुम्ही?"

"नात्यासाठी करावं लागतं माणसाला."

राजेश्वरीचे डोळे भरून आले. काय सोन्यासारखा माणूस, तिला वाटलं. तिनं तिवईवर भांडं ठेवलं आणि फडकं सोडलं. रणधीरराव पुढं सरकले. तिनं झाकण उचललं, सुरी घातली, आणि खरपूस पारीखालून पिवळ्या पिवळ्या फोडी बाहेर आल्या.

अयोध्याबाईंनी पुढं वाकून भांड्यात बघितलं.

"हे सफरचंद हाय," अयोध्याबाई म्हणाल्या.

"मग दुसरं काय असणार?" राजेश्वरी म्हणाली. "तुमच्या कृष्णराजला आवडतो तो अ‍ॅपल पाय. पुण्यातला."

सगळं उलगडायला थोडा वेळ गेला. मग अयोध्याबाई आधी पेलाभर पाणी प्यायल्या, दुसऱ्या पेल्यातलंही निम्मं प्यायल्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. त्यांनी बशी भरून घेतली, वर आणखी घेतली. पीठ जरा जाड दळलंय, असं म्हणाल्या खऱ्या, पण पुण्याला फोन लावून मुलाला सगळं सांगितलं. अर्पिताच्या तोंडावर रंग परत आला.

रणधीरराव मात्र बशीत चमचा फिरवत होते. पारी उचलून खाली बघितलं, फोडी एका बाजूला सारल्या, पुन्हा खाली बघितलं. मग एक घास घेतला आणि तो बराच वेळ चावत बसले.

निघताना अयोध्याबाई गाडीत जाऊन बसल्या. रणधीरराव दारात चपला घालायला रेंगाळले, कुमाररावांच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, तो दुसरा… तो तुम्ही कधी करता का?"

"करतो की," कुमारराव म्हणाले. "एकटे या कधी."

दाराआड उभ्या राजेश्वरीनं ते ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सफरचंदं तिनं सोललेली, अंगठा तिनं पोळून घेतलेला, बेकरीत भांडायला ती गेलेली. आणि हा सोन्यासारखा माणूस तिच्या पायात चमचा घालून शेळी शोधत होता.

संध्याकाळी पोचल्याचा फोन आला. अयोध्याबाई अगदी मोकळ्या बोलत होत्या.

"पाय लई छान झाला हुता हो. ह्यांचं मात्र काय बिनसलं कळंना. रस्ताभर गप्पच."

"असं?" राजेश्वरी म्हणाली.

"मला वाटतं, गिरिजानं ते भलतंसलतं सांगितलं ना, त्याचीच किळस बसली त्यांच्या मनात. लई सोवळं मन हाय ओ त्यांचं. तुम्हाला न्हाय कळायचं ते."

राजेश्वरीनं कुमाररावांकडं बघितलं. कुमाररावांनी दोन्ही हात जोडले. स्वयंपाकघरात अर्पिता लग्नाच्या साड्यांविषयी आजीशी काहीतरी बोलत होती.

उत्तर अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. राजेश्वरीनं ते गिळलं.

"बरं," ती म्हणाली.