सतरा मिनिटं पुढे

बहिरू गांगुर्डे तीन आठवडे लेकीकडे सुरतेला निघाले आणि नेमक्या त्याच दिवसापासून सोसायटीने पार्किंगची फरशी उखडायला काढली. सगळ्या गाड्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभ्या करायच्या, असं ठरलं. संजनाने सुरतेहून फोनवर सांगितलं, "पप्पा, गाडी तशीच सोडून येऊ नका. रहेमानचाचांना बोलावलंय. ते सांगतील तसं करा."

रहेमान मिस्त्री दुपारी दोनला आला. गेली बारा वर्षं ही गाडी त्याच्याच हाताखाली होती. त्याने चाकांत थोडी जास्त हवा भरली, वायपर काचेवरून उचलून ठेवले आणि चाकांना विटा लावून हँडब्रेक सोडला. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं खोचली. बहिरूभाऊ प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते. मग रहेमानने दहा नंबरचा पाना काढला.

"आता बॅटरीची वायर काढतो."

"ती नाय काढायची," बहिरूभाऊ म्हणाले.

"का?"

"नाय काढायची म्हणजे नाय काढायची. मी एकतीस वर्षं ओझरला विमानाच्या कारखान्यात काढली. मला नको शिकवू."

"विमान तीन आठवडे लिंबाखाली उभं करायचे का तुम्ही?" रहेमानने शांतपणे विचारलं.

खरं कारण बहिरूभाऊंना सांगता येत नव्हतं. बॅटरी काढली की गाडीतलं घड्याळ पुसलं जातं, आणि ते घड्याळ त्यांच्या बायकोचं, उज्वलाबाईंचं होतं. कधीकाळी पुतण्याच्या लग्नाला दोघं पोचले तेव्हा अक्षता पडून दुसरी पंगत बसली होती. त्या आठवड्यात गाडीतलं घड्याळ सतरा मिनिटं पुढे गेलं. उज्वलाबाई काही बोलल्या नाहीत. बहिरूभाऊंनी तिसऱ्या दिवशी ओळखलं. तेव्हापासून ते मनातल्या मनात सतरा वजा करत आणि पूर्वीसारखेच उशिरा पोचत. उज्वलाबाई जाऊन दोन वर्षं होत आली होती. घरातली त्यांची बाकीची सगळी कामं थांबली होती, एवढं एकच चालू होतं. रोज गाडीत बसलं की बहिरूभाऊ आधी मोबाइल बघत, मग ते घड्याळ बघत. सतरा. मग किल्ली फिरवत.

"तीन आठवड्यांत बॅटरी उतरली की?" रहेमान म्हणाला. "मग काय कराल?"

हे बहिरूभाऊंच्या ध्यानात आलं नव्हतं. वायर काढली तर घड्याळ आज जाणार, नाही काढली तर बॅटरी उतरल्यावर जाणार. ते वर गेले, चार्जर काढला आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली. वायर लिंबाच्या फांदीवरून लताबाईंच्या कुरडयांच्या खाटेवर आली. लताबाई सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या आणि खाट राखत तिथेच बसल्या होत्या.

"गांगुर्डे भाऊ, हे काय सोडलंत माझ्या कुरडयांवर?"

"करंट हाय, हात नका लावू."

"तीन आठवडे खिडकीतून करंट? वळवाचा पाऊस आला तर? आधी वर घ्या ते."

बहिरूभाऊंनी वायर वर घेतली. लताबाईंना वाईट वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात, मला किल्ली द्या. दोन दिवसाआड मी सुरू करून ठेवीन. आणि तुमच्या गाडीतलं घड्याळ चुकीचं आहे, मागे बसले होते तेव्हा बघितलं. तेही नीट करून ठेवते."

"नको," बहिरूभाऊ इतक्या घाईने म्हणाले की लताबाईंनी कुरडई हातातच धरली.

"मी काय गाडी पळवून नेणारे का?"

"तसं नाय, ताई. गाडीला दुसऱ्याचा हात सोसत नाय."

हे ऐकून रहेमान हसला, पण त्यालाही भाऊंची दया आली. गॅरेजमध्ये एक जादा बॅटरी होती, तो जाऊन घेऊन आला. "जोडीला ही लावून देतो. दोन बॅटऱ्या तीन आठवडे काढतील. पण हे काम मी आजवर कोणासाठी केलं नाही, सांगून ठेवतो."

त्याने नट ढिला केला आणि दुसऱ्या बॅटरीची वायर टेकवली. ठिणगी उडाली. गाडीचा सायरन सुरू झाला.

"रिमोट दाबा, भाऊ," रहेमान ओरडून म्हणाला. त्याचे दोन्ही हात वायरींत अडकले होते. रिमोट वर होता, सुरतेच्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी. बहिरूभाऊ दोन जिने चढले, बॅग पलंगावर उपडी केली, रिमोट शोधला. जिना उतरताना सायरन थांबला. इतकं शांत वाटलं की ते पायरीवरच उभे राहिले.

खाली लताबाई बॅटरीजवळ उभ्या होत्या. ढिली झालेली वायर त्यांच्या हातात होती.

"मी यांना विचारलं, कसं बंद करायचं. म्हणाले, वायर काढली की बंद. काढली," त्या समाधानाने म्हणाल्या.

रहेमानने वायर परत लावली. बहिरूभाऊंनी दार उघडून किल्ली फिरवली. घड्याळात बारा वाजले होते आणि ते आकडे लुकलुकत होते. बहिरूभाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"भाऊ, काय झालं?" रहेमानने विचारलं.

"उज्वलानं लावलेलं होतं ते. सतरा मिनिटं पुढं. तिच्या हातचं होतं."

लताबाईंनी हाताला लागलेली धूळ उगाच पदराला पुसली. रहेमान गाडीच्या दाराशी आला.

"भाऊ, रागावू नका. भाभींच्या हातचं पहिलंच. नंतरचं सगळं माझ्या हातचं. सर्व्हिसिंगला मी दर वेळी वायर काढतो. पहिल्या वेळी मी घड्याळ बरोबर लावून दिलं, तर भाभी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर आल्या. म्हणाल्या, सतरा मिनिटं पुढे कर आणि यांना सांगू नको. तेव्हापासून करतोय. आता दिवाळीतपण केलं. त्यांनी बंद कर म्हटलं नव्हतं ना."

बहिरूभाऊ गाडीतून खाली उतरले.

"अजून एक," रहेमान खाली बघत म्हणाला. "बोलल्या होत्या, भाऊ रिटायर झाले की पाच मिनिटं वाढव, आणखी सुस्त होतील. ते माझ्याकडून राहून गेलं."

"मग काढ ती वायर," बहिरूभाऊ म्हणाले. "आलो की बावीस लाव."

रहेमानने वायर काढली, बॉनेट लावलं, लताबाईंनी कव्हर एका बाजूने ओढून धरलं. सुरतेची बस साडेपाचची होती. वर पलंगावर सगळे कपडे पसरलेले होते. पण बहिरूभाऊ तिथून हलेनात.

"आणखी काय सांगितलं होतं का रे तिनं?"

"आणखी काही नाही, भाऊ."

"आठवून बघ."

रहेमानला आणखी काहीच आठवत नव्हतं. तरी तो पाना हातात धरून बराच वेळ आठवत उभा राहिला.